क्वारोनचे सिनेमे कसे पाहावेत

अल्फोन्सो क्वारोनला दिग्दर्शनाचं ऑस्कर दोनदा मिळालं: ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) आणि ‘रोमा’ (२०१८) या चित्रपटांसाठी. सुरुवात मात्र ‘इ तु मामा ताम्बिएन’पासून (२००१) करा. हॉलीवूडमध्ये दोन चित्रपट केल्यावर तो मेक्सिकोत परतला आणि भाऊ कार्लोसबरोबर त्यानं ही पटकथा लिहिली. पुढे त्याची ओळख ठरलेली पद्धत इथे अगदी उघडी दिसते: गोष्ट पुढे चालते आणि देश मागे.

आधी टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. ते मधल्या चौकटी स्वतः बनवतं, त्यामुळे हळू फिरणारा कॅमेरा घसरल्यासारखा दिसतो. डबिंग नको, सबटायटल्स लावा. ‘रोमा’त घरकाम करणाऱ्या क्लेओ आणि आदेला आपसात मिश्तेक ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलतात, मालकांशी स्पॅनिश. डबिंगमध्ये हा फरकच पुसला जातो, आणि त्या घरातलं कोण कुठे उभं आहे ते कळायला तोच लागतो.

पहिल्यांदा सिनेमा सलग पाहा, वही दूर ठेवा. दुसऱ्या वेळी दहाच मिनिटांचा तुकडा निवडा आणि आवाज बंद करा. कागदावर तीन रकाने पुरेत: वेळ, कॅमेरा कुठे वळला, मागे काय घडतंय. अख्ख्या सिनेमाच्या नोंदी काढायला गेलात तर अर्ध्या तासात डोळे थकतात आणि तिसरा रकाना रिकामा राहू लागतो. खरा ऐवज त्याच रकान्यात असतो. ‘इ तु मामा’त गाडीच्या काचेबाहेर पोलीस आणि सैनिक दिसतात, एका खानावळीत कॅमेरा पात्रांना टेबलाशी सोडून थेट स्वयंपाकघरात जातो. मग तोच तुकडा आवाजासह पाहा. निवेदक बोलायच्या आधी बाकीचे सगळे आवाज तुटतात. पात्रं एकमेकांपासून जे लपवतात, ते बरेचदा तिथेच कळतं.

‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये (२००६) बहुतेकांची एक चूक होते. गाडीवरच्या हल्ल्याचा सुमारे चार मिनिटांचा प्रसंग एका दमात चित्रित झाला, असं ते धरून चालतात. तो वेगवेगळे तुकडे संगणकावर जोडून केलेला आहे. सांधे शोधत बसू नका. कट नसल्यामुळे आपल्याला गाडीबाहेर पडता येत नाही, ते अनुभवा.

‘रोमा’साठी फर्निचरच्या दुकानाचा प्रसंग घ्या. पाळणा पाहायला आलेली क्लेओ, मग खिडकीपाशी सरकणारा कॅमेरा, आणि खाली रस्त्यावर १० जून १९७१ चं विद्यार्थी हत्याकांड. इथे छायाचित्रणही क्वारोनचंच आहे. कॅमेरा आडवा, संथ फिरतो, चेहऱ्याकडे झेपावत नाही. ठळक काय, ते आपणच शोधायचं. शक्य असेल तर हेडफोन लावा: फेरीवाले, कुत्री, विमान हे आवाज चौकटीबाहेरची वस्ती उभी करतात.

‘ग्रॅव्हिटी’ शेवटी ठेवा. ही पटकथा त्यानं मुलगा होनासबरोबर लिहिली. गोष्ट अंतराळात घडते, त्यामुळे इथे मागे ना रस्ता, ना भिंत. आहे ती फक्त पृथ्वी. सुरुवातीच्या भागात एका ठिकाणी कॅमेरा नायिका, अंतराळवीर स्टोनच्या हेल्मेटमध्ये शिरतो, तिच्या नजरेनं पाहतो आणि पुन्हा बाहेर येतो. ती वेळ टिपून ठेवा आणि तिथे श्वासाचा आवाज कसा बदलतो ते ऐका.