जिल्ह्याच्या पैशाचा माग काढताय? या चुका टाळा

एम.ए.च्या प्रकल्पासाठी जिल्हा ठरला की बहुतेक जण राज्याच्या आर्थिक पाहणीतला दरडोई उत्पन्नाचा तक्ता उघडतात आणि लगेच जिल्ह्याला श्रीमंत नाहीतर गरीब ठरवून मोकळे होतात. तो आकडा जिल्ह्यात किती उत्पन्न निर्माण झालं हे सांगतो, ते कुणाच्या हाती पडलं हे नाही. चंद्रपुरात कोळसा, वीज, सिमेंट यांचं उत्पन्न जिल्ह्याच्या नावावर चढतं, पण त्यातला बराचसा नफा बाहेर जातो. जिवतीच्या शेतकऱ्याला काय मिळालं, हे तक्ता सांगत नाही. कोकणात नेमकं उलटं. चाकरमान्याची कमाई मुंबईत मोजली जाते; त्यातून गावी येणारा पैसा सिंधुदुर्गच्या जिल्हा उत्पन्नात धरलाच जात नाही. त्या पैशातून उभी राहिलेली घरं मात्र रस्त्यावरून दिसतात. राहणीमानावर लिहायचं असेल तर कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीचे आकडे सोबत घ्या.

बँकांच्या आकड्यांत तर हमखास घोळ होतो. ठेवी जास्त, कर्ज कमी दिसलं की ‘मुंबईने पैसा ओढून नेला’ हे वाक्य ठरलेलं. पण कर्ज मंजूर होतं एकीकडे, वापरलं जातं दुसरीकडे. रिझर्व्ह बँक दोन्ही प्रकारचे आकडे देते. मंजुरीचे घेतलेत तर मुंबई फुगलेली दिसणारच, कंपन्यांची मुख्यालयं तिथे आहेत. वापराच्या ठिकाणाचे आकडे घेऊनही दरी उरली, तर खुशाल ओरड करा.

माल जिथून निघाला किंवा विकला गेला, तिथेच पिकला असंही धरू नका. न्हावा-शेवा बंदरातून गेलेली द्राक्षं रायगडची नव्हेत, आणि लासलगावच्या लिलावात आलेला सगळा कांदा निफाडचा नव्हे.

आकडा एका वर्षात एकदम उसळला किंवा आपटला, तर कारण शोधण्याआधी तीन गोष्टी तपासा. जिल्हा फुटला का? १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. आधीच्या वर्षांशी तुलना करायची तर दोघांची बेरीज करा. पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून उत्पन्न मोजतात ते, बदललं का? २००४-०५ आणि २०११-१२ च्या मालिका सरळ एकापुढे एक जोडू नका. आणि आदल्या वर्षी दुष्काळ होता का? मराठवाड्यात २०१५-१६ नंतरची ‘वाढ’ बरीचशी आधीच्या खड्ड्यामुळे मोठी दिसते.

शेवटी शिफ्ट-शेअर पद्धत. जिल्ह्याच्या वाढीतला किती भाग राज्याच्या एकूण वाढीमुळे, किती तिथल्या क्षेत्रांच्या रचनेमुळे आणि किती स्थानिक कारणांमुळे, हे ती वेगळं काढते. गाईड सुचवतात, एक्सेलमध्ये पटकन होते, म्हणून सगळे करतात. रेल्वे, बँका अशा काही सेवांचं उत्पन्न जिल्ह्यात थेट मोजलेलं नसतं, राज्याच्या आकड्याची निर्देशकांनुसार वाटणी केलेली असते. वाटणीचं प्रमाण तेच राहिलं तर जिल्ह्याचा वाढीचा दर राज्याइतकाच येणार आणि ‘स्थानिक घटक’ शून्याजवळ. तो निष्कर्ष नव्हे, वाटणीचं गणित आहे. या सेवा वगळा आणि प्रत्यक्ष मोजलेल्या शेती, खाणीसारख्या क्षेत्रांवरच पद्धत लावा. प्रकरण चार पानांनी लहान होईल, होऊ द्या.