नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि पीसी सुरूच होईना

कार्ड बदलल्यावर पीसी सुरू झाला नाही की पहिला संशय नव्या कार्डावर जातो. पण सीलबंद कार्ड मुळातच खराब निघणं तसं क्वचितच होतं. घोळ बहुतेकदा एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात), अर्धवट बसलेल्या एखाद्या जोडणीत किंवा बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये असतो. म्हणून दुकानाकडे धाव घेण्याआधी पॉवर बटण दाबून पहिली दहा सेकंदं नीट बघा. पंखे हलतच नाहीत, क्षणभर फिरून थांबतात, की व्यवस्थित फिरतात पण स्क्रीन काळीच राहते? तिन्ही दुखणी वेगळी आहेत आणि तिन्हींवर इलाजही वेगळे.

त्याआधी एक बाळबोध वाटणारी गोष्ट तपासा: मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? ती मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये नको, नव्या कार्डाच्या मागच्या पोर्टमध्येच हवी. आय-फाइव्ह १२४००एफसारख्या ‘एफ’वाल्या इंटेल प्रोसेसरमध्ये किंवा रायझेन ५ ५६००मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर काही दिसणं शक्यच नाही. केबल बदलली असेल तर मॉनिटरच्या मेनूत इनपुटही बदला. एचडीएमआयवर अडकलेला मॉनिटर डिस्प्लेपोर्टकडे आपणहून वळेलच असं नाही.

आत हात घालण्यापूर्वी एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज संपवा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतात.

पंखे हलतच नाहीत

अशा वेळी कार्ड बसवताना काहीतरी निसटलेलं असतं. लांब कार्ड आत सरकवताना कोपऱ्यातली पॉवर स्विचची बारीक वायर सुटते, किंवा २४ पिनचा मोठा कनेक्टर एका टोकाने वर येतो. दोन्ही दाबून बघा. मागचा स्विच परत चालू करायचा राहिला नाही ना, तेही बघा. एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करून घेतलं असेल, तर प्लग काही मिनिटं काढून ठेवल्याशिवाय ते पुन्हा उठत नाही.

क्षणभर फिरून बंद

हे जवळजवळ नेहमी विजेचं दुखणं असतं, त्यामुळे इथे घाई करू नका.

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट, म्हणजे मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनची केबल आणखी ७५ देते, ८ पिनची १५०. आरटीएक्स ३०६० चं उदाहरण घ्या: कार्डाचे १७० वॅट, १२४००एफ पूर्ण जोरात चालला तर ११७, बाकी बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. झाले ३३७ वॅट. यातला जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टच्या लाइनवर येतो, म्हणजे साधारण २८ अँपिअर.

आता एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर वाचा. बाहेर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ असतं, पण खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १६ अँपिअर लिहिलेले असतील, तर ते १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅटचंच काम करणार. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर हा आकडा आधी बघायचा, ब्रँड नंतर. ३०६० साठी एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटमध्ये १२ व्होल्टवर साधारण ४५ अँपिअर मिळतात. तेवढं असलं की झालं. ८५० वॅटचं घ्यायची गरज नाही.

केबलच्या चुका याहून घातक. प्रोसेसरसाठीची ८ पिन (४+४) आणि कार्डाची ८ पिन (६+२) लांबून सारख्याच दिसतात, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. कनेक्टरचे खाचे वेगळे ठेवलेत ते त्याचसाठी. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, केबल चुकीची आहे. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारं) एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका, कंपनी एकच असली तरी. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र सर्वांना लागू असं मानक नाही. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या कनेक्टरवरून) ८ पिन करणारे स्वस्त अडॅप्टर तर मोठ्या कार्डाला लावूच नयेत, त्यांच्या वायरी वितळतात. नव्या १६ पिनच्या कनेक्टरमध्ये फट अजिबात राहता कामा नये. अर्धवट बसला तर कार्ड सुरू होत नाही, आणि झालंच तर कनेक्टर भाजतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, ती यूपीएसची. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. मॉनिटरही त्यावरच असेल तर नव्या कार्डाचा भार आल्यावर तो ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करतो आणि दोष पीसीला लागतो. चाचणीपुरता प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

बऱ्याच मदरबोर्डवर कडेला चार छोटे दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोजची डिस्क). कोणत्या दिव्यावर गाडी अडते ते बघा. डीरॅमवर अडली तर कार्ड बसवताना रॅमला धक्का लागला आहे. काढून परत बसवा. डीडीआर५ असेल आणि बायोस नुकताच रीसेट केला असेल, तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. तेवढ्यात बंद करू नका.

व्हीजीएवर अडली तर कार्ड काढून पुन्हा बसवा. बरेचदा असं होतं: मागची पत्र्याची पट्टी कॅबिनेटच्या कडेवर टेकते, आपण स्क्रू आवळतो आणि कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून एखादा मिलिमीटर उचललं जातं. बाजूने टॉर्च मारून बघा. सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल तर हेच झालंय. आधी कार्ड दाबून स्लॉटच्या टोकाचा लॉक ‘खट्’ असा बसू द्या, स्क्रू नंतर. जुनं कार्ड असेल तर संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर घासायची पद्धत चालून जाते, पण तिचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, म्हणून ती शेवटचा पर्याय.

उभ्या कार्डासाठी रायझर केबल (स्लॉट आणि कार्ड यांना जोडणारी) लावली असेल तर ती काढून थेट स्लॉटमध्ये बसवून बघा. जेन ३ ची (पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीची) रायझर आणि जेन ४ चं कार्ड यांचं बरेचदा जमत नाही. बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर सेट करावा लागतो.

मग बायोस. एच६१ चिपसेटसारखे जुने बोर्ड नव्या कार्डाला काही वेळा ओळखतच नाहीत, म्हणून बायोस आधीच अपडेट करून घ्या. सेकंड-हँड घेतलेल्या फार जुन्या कार्डाचं उलट: त्यात यूईएफआयचा (बायोसच्या नव्या पद्धतीचा) आधार नसतो, आणि बोर्डवर सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारी सेटिंग) बंद असेल तर चित्रच येत नाही.

सेटिंग अडकली असेल तर सीमॉस (बायोसच्या सेटिंग जपणारी मेमरी) रीसेट करा: प्लग काढून मदरबोर्डवरच्या जंपरच्या दोन पिन दहा सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. पण त्याआधी, डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून ठेवा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागतं आणि तेव्हा नसली तर डेटा अडकतो.

बायोस दिसतो पण विंडोज येत नाही

रीसेटनंतर सीएसएम किंवा साटा मोड (डिस्क जोडण्याची बायोसमधली सेटिंग) बदलला की ‘बूट डिव्हाइस नाही’ किंवा निळी स्क्रीन येते. दोन्ही पूर्वीसारखे करा. विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीच्या मांडणीच्या) डिस्कवर असेल तर सीएसएमशिवाय ते उठणार नाही. कायमचा उपाय म्हणजे बॅकअप घेऊन विंडोजच्याच एमबीआर२जीपीटी साधनाने डिस्क नव्या जीपीटी मांडणीत बदलणं. लांब कार्डाने साटा केबल ढकलली गेली नाही ना, तेही बघा. विंडोजचा लोगो येऊन स्क्रीन काळी होत असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण काढणाऱ्या फुकट प्रोग्रॅमने) पुसा आणि नवा घाला.

एवढं करूनही अडलं तर जुनं कार्ड परत लावा. तेही चाललं नाही तर काम करताना आणखी काहीतरी हललं आहे. वरून पुन्हा सुरुवात करा. जुनं चाललं तर नवं कार्ड पुरेशा एसएमपीएसवाल्या दुसऱ्या पीसीत लावून बघा. तिथेही व्हीजीएचाच दिवा लागला तर कार्ड वॉरंटीत द्या. त्यासाठी बिल जपून ठेवा आणि कार्डावरचं सीरियल नंबरचं स्टिकर खरवडू नका.