दोरूची रेड वाईन आणि सोबतचं जेवण: या चुका टाळा

पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली रेड वाईन मी पहिल्यांदा घरी उघडली, तेव्हा सोबत पोर्क व्हिंदालू केलं होतं. वाईन पोर्तुगालची, पदार्थाचं मूळही तिथलंच, मग जमणारच असा हिशोब. दुसऱ्याच घोटाला तोंडात जाळ झाला आणि पाहुण्यांनी हळूच पाणी मागितलं.

बाटलीत काही खोट नव्हती. या वाईनमध्ये १३ ते १४.५ टक्के अल्कोहोल असतं, शिवाय द्राक्षांच्या सालीतून येणारा दणकट तुरटपणा. मिरचीसमोर दोन्ही आगीत तेल ओततात. व्हिंदालूचा पूर्वज म्हणजे वाईन आणि लसणात मुरवलेलं डुकराचं मांस, 'व्हिन्या द आल्युश'. गोव्यात वाईनच्या जागी व्हिनेगर आलं, मिरच्या वाढल्या आणि पदार्थच वेगळा झाला. त्याच्याबरोबर गार बिअर प्यावी हे बरं. गोव्याच्या चोरीसलाही, म्हणजे डुकराच्या तिखट सॉसेजलाही, हेच लागू.

मग या वाईनबरोबर काय? दोरूच्या उत्तरेकडे, त्राझ-उझ-मोंतिश भागात काय खातात ते पाहा: भट्टीत भाजलेलं करडू, निखाऱ्यावर नुसतं जाडं मीठ लावून भाजलेला मिरांदेझ जातीच्या गुरांच्या मांसाचा जाडजूड तुकडा, घेवड्याच्या बिया आणि डुकराचे खारवलेले तुकडे घालून शिजवलेली फेजोआदा. चरबी, मीठ, धूर; मसाला जवळपास नाहीच. तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना पकडतो म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत मांस असेल तर तो तिकडे गुंततो आणि वाईन मऊ लागते. आपल्या घरात याच्या सगळ्यात जवळ जातात ते मिरी-लसूण लावून भाजलेले मटण चॉप्स. कोल्हापुरी रस्सा त्या दिवशी राहू द्या.

माशाचं काय? बांगड्याबरोबर ही वाईन घेतली तर तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. वाईनमधलं लोह आणि माशातलं तेल यांचं पटत नाही. अपवाद बाकाल्याउ, म्हणजे खारवलेला कॉड. पाण्यात भिजवून खारटपणा उतरवलेला हा मासा भरपूर ऑलिव्ह तेल नि कांदा घालून भाजतात, आणि पोर्तुगीज त्यासोबत खुशाल रेड पितात.

वाईन नाकात झोंबतेय? बहुतेक गरम झालीय. 'रूम टेम्परेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा. एप्रिलमधल्या पुण्यात बाटली ३२ अंशांवर असते, हवी १६ ते १८ ला. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत १५ मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा पाणी असलेलं बरं, बाटली सगळीकडून गार होते. मात्र फार गार केली तर तुरटपणाच पुढे येतो.

दुकानात होणारा घोटाळा पोर्टचा. गोव्यातली गोड 'पोर्ट वाईन' चाखलेले लोक दोरू म्हटल्यावर तीच चव शोधतात. खरी पोर्टही याच खोऱ्यातली. पोर्तुगालचे तेव्हाचे प्रमुख मंत्री मार्केस द पोंबाल यांनी १७५६ मध्ये खोऱ्याची हद्द आखली ती पोर्टसाठीच. पण पोर्टमध्ये आंबवणं मध्येच थांबवायला द्राक्षांचं मद्यार्क ओततात, त्यामुळे साखर उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. जेवणासोबतची वाईन पूर्ण आंबवलेली, कोरडी असते. लेबलवर 'पोर्तु' दिसलं तर ती जेवणानंतरची. 'तिंतु' म्हणजे रेड.

तळाला गाळ दिसला तर घाबरू नका, जुन्या बाटलीत तो असायचाच. बाटली काही तास उभी ठेवून हळूच जगमध्ये ओता. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर मात्र बूच बिघडलंय. ती वाईन हवा लागून सुधारत नाही, परत करा.

उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर तिच्यात लसूण, तमालपत्र, मीठ घालून डुकराचं मांस रात्रभर मुरवा. मिरची न घालता.