रक्त मूळपेशीदाता म्हणून नाव नोंदवताना

इंदूरच्या मराठी घरांत, मग ते रामबागेतले असो की लोकमान्य नगरातले, रक्तदानाचे कोणाला नवल राहिलेले नाही. पण मूळपेशीदानाचा विषय निघाला की ‘पाठीच्या कण्यातून पाणी काढतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो. कण्याशी या दानाचा काहीही संबंध नाही. प्रत्यक्षात काय करतात, हे समजून घेऊनच अर्ज भरावा.

मूळपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गाभ्यात, असतात आणि तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका (प्लेटलेट) या सर्व त्यांच्यापासूनच तयार होतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, याच वंशातील एखादी पेशी बिघडून तिची बेसुमार वाढ होते. केवळ औषधांनी रोग आटोक्यात येत नसेल किंवा उलटण्याचा धोका मोठा असेल, तर रुग्णाची मज्जा तीव्र औषधांनी, कधी किरणांनी, रिकामी करतात आणि दात्याच्या मूळपेशी त्याच्या शिरेतून देतात.

नोंदणीच्या वेळी जी एचएलए चाचणी, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची तपासणी, होते, तिचे महत्त्व अमेरिकी संशोधक ई. डोनाल थॉमस यांच्या कामावरून कळते. १९५०च्या दशकात त्यांनी केलेली प्रत्यारोपणे एकसारख्या जुळ्यांत जमली, पण इतरांत शरीराने परक्या पेशी नाकारल्या किंवा त्या पेशींनीच रुग्णाच्या शरीरावर हल्ला चढवला. थॉमस यांनी पुढची कित्येक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले आणि ऊतींच्या खुणा जुळवल्यास यश येते असे दिसल्यावर १९६९ मध्ये सिॲटलमध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांना जुळणाऱ्या भावंडांची मज्जा देण्यास सुरुवात केली. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने इतर सर्व उपचार थकलेल्या १०० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांपैकी १३ जण रोगमुक्त होते. आकडा लहान वाटेल, परंतु त्या शंभरांपुढे दुसरा मार्गच नव्हता. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातले पहिले प्रत्यारोपण त्याआधी, १९८३ मध्ये, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले होते.

एचएलएच्या खुणा निम्म्या आईकडून व निम्म्या वडिलांकडून येतात, त्यामुळे सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. घरात कोणी जुळले नाही, तर समान वंशाच्या लोकांत शोध घ्यावा लागतो. चार पिढ्या माळव्यात राहून आमची भाषा थोडी हिंदीकडे झुकली असेल, पण एचएलए काही पत्त्याबरोबर बदलत नाही. म्हणून आपल्यातली नावे रजिस्ट्रीत, म्हणजे इच्छुक दात्यांच्या नोंदयादीत, असणे गरजेचे आहे.

दात्री किंवा डीकेएमएस यांसारख्या रजिस्ट्रीकडे १८ वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी व्यक्तीला नाव देता येते; वरची वयोमर्यादा व वजनाची अट त्या त्या रजिस्ट्रीकडून विचारून घ्यावी. संमतिपत्र भरून गालाच्या आतल्या बाजूस कापसाची काडी फिरवली की नमुना दिला गेला. रक्तगट जुळण्याची अट नाही. बोलावणे काही महिन्यांनी येईल, काही वर्षांनी येईल किंवा कधीच येणार नाही.

बोलावणे आल्यावर मात्र पुन्हा रक्त तपासतात, पूर्ण वैद्यकीय तपासणी करतात आणि मूळपेशी मज्जेतून रक्तात याव्यात म्हणून साधारण पाच दिवस रोज इंजेक्शन देतात. त्या दिवसांत हाडे ठणकतात व डोके दुखते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. नंतर प्लेटलेट दानासारखेच एका हातातून रक्त घेऊन यंत्रात मूळपेशी वेगळ्या करतात व उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. त्याला चार ते सहा तास लागतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. दानासाठी पैसे मिळत नाहीत आणि खर्चही दात्यावर पडत नाही.

घरातल्या मोठ्यांशी चर्चा अर्ज भरण्याआधीच करावी. रुग्णाची मज्जा रिकामी करण्याचा उपचार सुरू झाल्यावर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाचा जीवच धोक्यात येतो. पटत नसेल, तर सुरुवातीलाच नकार देण्यात काहीही वावगे नाही.

स्वतःच्या नात्यात कोणाला ल्युकेमिया झाला असेल, तर भाऊ, काका, मामा असे सगळेच रक्त द्यायला धावतात. प्रत्यारोपणाचा विचार असलेल्या रुग्णाला जवळच्या नातेवाइकांचे रक्त शक्यतो देत नाहीत, कारण त्याने पुढे त्यांच्याच पेशी नाकारल्या जाऊ शकतात. तेव्हा रक्त देण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आपली मुले शिकून पुण्याला, बंगळूरला जातात आणि इंदूरचा मोबाइल क्रमांक बंद पडतो. तो बदलल्याच्या दिवशीच रजिस्ट्रीला नवा क्रमांक व पत्ता कळवावा, आणि घरच्या एखाद्याचा दुसरा क्रमांकही तिथे नोंदवून ठेवावा.