पॉइंट काढण्याआधी मीटर लावा
जुन्या गाडीत पॉइंट (इग्निशन कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना त्याच्या मॉड्यूलची लाल वायर डोळे झाकून कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या, प्लसला जोडू नका. रबर बंपरवाल्या एमजीबीत (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बॅलास्टची, म्हणजे कॉइलला जाणारे व्होल्ट कमी करणारी, रेझिस्टन्स वायर हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) आतच दडलेली असते, वरून काही कळत नाही. म्हणून जुने पॉइंट जागेवर असतानाच तपासा: चावी ऑन, पॉइंट मिटलेले, व्होल्टमीटर कॉइलच्या प्लसवर. 6 ते 9 व्होल्ट आले की समजा, बॅलास्ट आहे. पॉइंट उघडे राहिले तर करंटच वाहत नाही, मीटर ऐटीत 12 दाखवतो. मीही फसलोय! बॅलास्ट असेल तर लाल वायरला चावीकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरवरून पूर्ण 12 व्होल्ट द्या. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका, कॉइल तापते.