आधी बिनकान्याचे शब्द

चार वर्षांचं पोर दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून ‘इथे काय लिहिलंय?’ विचारू लागलं, की लगेच ‘अ अननसाचा’ घोकून घेऊ नका. त्याच्या नावातल्या अक्षरांपासून सुरुवात करा. मग काना-मात्रा नसलेले शब्द: नळ, घर, बस, कप. चिठ्ठी लिहून खरोखरच नळाला चिकटवा (भिजली तर दुसरी). मूल ‘न… ळ…’ असं सुटं वाचेल; तुम्ही तेच भरभर म्हणून दाखवा, म्हणजे शब्द त्याच्या कानाला सापडतो. घ-ध, भ-म या जोड्या मात्र एकाच दिवशी नकोत, हमखास गल्लत होते. काना जमला की स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ‘डाळ’, ‘चहा’. आणि पाहुण्यांसमोर ‘वाच बघू’ तेवढं टाळा.