नागपुरात सेलिंग क्लबचा हंगाम कसा सुरू करावा

सेलिंग म्हटलं की मुंबईचा समुद्र डोळ्यांपुढे येतो. पण भोपाळच्या मोठ्या तलावावर सेलिंगचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर देशभरातले खेळाडू शर्यतींना येतात. समुद्र या दोन्ही शहरांना नाही. आपल्याकडे अंबाझरी तलाव आहे, रामटेकजवळ खिंडसी आहे, आणि नौदल एनसीसीत शीड हाताळायला शिकलेली माणसंही शहरात सापडतात. चार-पाच कुटुंबं आणि दोन-तीन जुन्या होड्या एवढ्या भांडवलावर क्लब चालू शकतो. तो टिकेल की नाही, हे मात्र हंगामाच्या पहिल्या महिन्यातल्या कामांवर ठरतं.

आपल्याकडे पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. दसऱ्याला डागडुजी सुरू करा, दिवाळीनंतर होड्या पाण्यात घाला. मार्चअखेर उन्हाचा चटका आणि दुपारची वादळं सुरू झाली की आवरतं घ्या.

आधी कागद

तलाव कुणाच्या ताब्यात आहे, त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या. कुठे महापालिका असते, कुठे जलसंपदा विभाग. पिण्याच्या पाण्याच्या तलावात पेट्रोल इंजिन चालेल असं गृहीत धरू नका, आधी विचारा. क्लबची नोंदणी संस्था म्हणून करायची तर किमान सात सभासद लागतात आणि काम धर्मादाय कार्यालयात होतं. सोबत सभासदांचा अपघात विमा काढा.

यानंतरची भेट कुणी सहसा सुचवत नाही, पण मला ती परवानगीइतकीच महत्त्वाची वाटते. तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना आणि त्यांच्या सहकारी संस्थेला भेटा. जाळी कुठे असतात, शिंगाडा कुठे लावलाय, पाण्याखाली जुनी झाडं किंवा विसर्जनातले लोखंडी सांगाडे कुठे आहेत, हे त्यांना तळहातासारखं माहीत असतं. त्यांच्या डोंग्यात बसून एक फेरी मारा आणि पाहिलेलं सगळं नकाशावर उतरवा. जाळ्यांचा भाग आपल्या हद्दीबाहेर ठेवा. पोटापाण्याचा धंदा आधी, आपला खेळ नंतर.

पावसाळ्यानंतर तलाव काठोकाठ भरलेला असतो आणि सांडव्यावरून पाणी वाहत असतं. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी ओसंडून शहरात पूर आला तेव्हा काय झालं, ते आपण पाहिलंय. सांडव्यापासून बरंच अलीकडे तरंगत्या बॉयची (पाण्यावर खूण म्हणून बांधायच्या पिंपांची किंवा गोळ्यांची) रांग बांधा आणि तिच्या पलीकडे कुणीही जायचं नाही, हा नियम करा. जलपर्णी साचली असेल तर तिकडूनही लांब राहा, कारण सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी) तिच्यात अडकला की होडी जागेवरून हलत नाही.

प्रत्येक होडीला एक पालक

सगळ्यांची होडी म्हणजे कुणाचीच नाही, आणि सामायिक क्लब याच कारणाने मोडतात. म्हणून पहिल्याच बैठकीत प्रत्येक होडी एकेका सभासदाच्या नावे करा. होडी कुणीही चालवावी, पण ती पाण्यात जाण्याजोगी आहे की नाही हे ठरवणारा माणूस एकच असावा.

पालकाचं पहिलं काम म्हणजे होडी उलटवणं. हे काठीने, लांब उभं राहून करा. पावसाळाभर पालथ्या पडलेल्या होडीखाली साप किंवा विंचू असणं आपल्याकडे नवलाचं नाही, आणि डोलकाठीच्या पोकळीत गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं. मग तळ धुऊन बोटांनी चाचपा. नुसत्या रंगावरची केसासारखी रेघ चालते, पण अंगठ्याने दाबल्यावर दबणारी जागा चालत नाही. गळती शोधायला तळावर साबणाचं पाणी लावा आणि होडीतलं पाणी काढायच्या बुचाच्या भोकातून तोंडाने हळू फुंका. बुडबुडे येतील तिथे चीर आहे. यासाठी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरू नका, त्या दाबाने सांधे उघडतात.

सुकाणूचे स्क्रू पिळून पाहा. सुकाणू निसटू न देणारी क्लिप पाहा. ऑप्टिमिस्टसारख्या लहान मुलांच्या होडीत हवेच्या पिशव्या असतात. त्या आदल्या रात्री फुगवून ठेवा आणि सकाळी मऊ पडली असेल ती बदला. शिडाचं कापड बरं दिसलं तरी शिवण उन्हाने कुजलेली असते. ती नखाने ओढून पाहा, धागा तुटला तर शीड शिंप्याकडे द्या. दोर हातात चुरचुरला तर नवा आणा.

उभ्या डोलकाठीची होडी ढकलत नेण्याआधी वर पाहा. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते आणि वाटेत विजेच्या तारा असू शकतात. तारांखालून जावं लागत असेल तर डोलकाठी उतरवूनच जा.

वाऱ्याची वेळ

हिवाळ्यात पहाटे तलाव आरशासारखा असतो. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते आणि वरचा वारा खाली पोचत नाही. ऊन तापलं की ही घडी मोडते. म्हणून मुलांना सहाला उठवून आणण्यात अर्थ नाही. दहा ते एक ही वेळ ठेवा. झाडांच्या आणि बांधाच्या आडोशाला वारा पडतो आणि तिथून बाहेर येताच झोत लागतो. नवशिक्यांना मोकळ्या पाण्यावर ठेवा.

साधा वारामापक विकत घ्या. झोतांसह वारा ताशी 20 किलोमीटरच्या वर गेला की शिकणाऱ्यांची शिडं उतरवा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज सकाळी पाहा आणि विजांसाठी दामिनी ॲप फोनवर ठेवा. गडगडाट कानावर आला की सगळे काठावर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाय नाही. यावर वाद घालू देऊ नका.

पहिला रविवार

पहिल्या दिवशी शर्यत नको, पाहुणे नकोत, फीत कापणं नको. त्या दिवशी होड्या मुद्दाम उलटवायच्या.

आधी लाइफ जॅकेट. जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. ज्याला पोहता येत नाही त्याला 100 किंवा त्याहून अधिक हवं. पट्टे आवळून मुलाला खांद्यांपाशी जॅकेट धरून वर उचला. ते कानांपर्यंत सरकलं तर मोठं होतंय. मग छातीभर पाण्यात प्रत्येकाने होडी पालथी करून, डॅगरबोर्डवर (तळातून सरळ खाली सरकवायची फळी) वजन टाकून ती सरळ करायची, आत चढायचं आणि बादलीने पाणी उपसायचं. काही मुलं रडतील. त्यांना वेळ द्या, धाक नको. एक गोष्ट मात्र मनात पक्की बसवा: होडी उलटली तरी ती सोडून काठाकडे पोहायचं नाही. तरंगणारी होडी लांबून दिसते, पोहणारं डोकं दिसत नाही.

रेस्क्यू बोट पाण्यात असल्याशिवाय एकही शीड चढणार नाही. तिच्यावर दोन माणसं हवीत आणि दोर कापायला चाकू हवा. एका रेस्क्यू बोटीमागे सहापेक्षा जास्त नवशिक्या होड्या सोडू नका. काठावर एक फलक लावा. पाण्यात जाताना नाव लिहायचं, आल्यावर खोडायचं. फलकापाशी बसणाऱ्याने त्या दिवशी दुसरं काहीही करायचं नाही. दमा, फिट्स अशी माहिती आणि मुलांच्या आई-वडिलांचे फोन नंबर त्याच्याच वहीत असावेत.

पाणी शहरातल्या तलावाचं आहे, स्वच्छ असेलच असं नाही, त्यामुळे अंगावर जखम असेल त्याने काठावरचं काम घ्यावं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी स्वच्छ पाण्याने अंग धुवावं.

फलकावरची सगळी नावं खोडली गेली की बुचं काढा, शिडं सावलीत वाळवा आणि पुढच्या रविवारी रेस्क्यू बोटीवर कोण, फलकापाशी कोण, हे तिथेच उभं राहून लिहून घ्या. घरी जाऊन ग्रुपवर विचारलं तर कुणी हात वर करत नाही.